कूड

कूड : मुंबईत नोकरीनिमित्त येणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती पुरुषांची, मुख्यत्वे खलाशांची, गावनिहाय सामायिक निवासस्थाने. कोकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. ‘क्लब’ या नावानेही ती ओळखली जातात. धोबीतलाव, माझगाव इ. भागांत ती वसली. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत अनेक गावांच्या कुडी नांदल्या.

एकोणिसाव्या शतकात आगबोट कंपन्यांनी आचारी, वाढपी व खिदमतगार म्हणून गोमंतकीयांना मोठ्या प्रमाणावर नोकरीस घेतले. तारवटीचे (खलाशाचे) घर गोव्यात आणि नोकरीचे बंदर मुंबई, अशी विभागणी त्यामुळे झाली. सफर संपली की पगार थांबे. पुढची बोट केव्हा मिळेल हे आधी कळत नसे. बोलावणे आले की मात्र तत्काळ हजर व्हावे लागे. गावी बसून वाट पाहणे म्हणजे जागा गमावणे होय. मुरगाव लोहमार्ग 1888 मध्ये सुरू झाल्यावरही प्रवास लांबचाच होता आणि किनाऱ्यावरील आगबोटी पावसाळ्यात बंद असत. उलट, बिनपगारी दिवसांत शहरातील भाड्याची खोली परवडत नसे. अडलेला माणूस साहजिकच सावकाराच्या किंवा भरतीच्या दलालाच्या हाती सापडे.

कुडीने ही अडचण दूर केली. सभासदत्व त्या त्या गावच्या पुरुषांपुरते व वर्गणी अल्प असे. भिंतीलगत पेट्यांची रांग आणि रात्री जमिनीवर वळकट्या, एवढाच सरंजाम. बरेचसे सभासद समुद्रावर असल्याने लहानशा जागेत मोठ्या गावाची सोय होई; पेटी तेवढी कायम राही. वेदीसमोर सायंप्रार्थना होई, गावच्या पालक संताचा सण साजरा होई आणि भरतीची बातमीही येथेच कळे. कुटुंबाला मात्र तेथे थारा नव्हता. घर, शेती व मुले यांचा भार गावी राहिलेल्या स्त्रियांनी वाहिला. कुडीच्या कौतुकात ही बाजू सहसा नजरेआड होते.

पुढे प्रवासी बोटींची जागा विमानांनी घेतली व आखाती देशांतील नोकऱ्यांकडे ओढा वाढला, तशी कुडींची वर्दळ ओसरली. विमानव्यवसायात तोच प्रश्न नव्याने उद्भवला. परगावी मुक्कामाची सोय कंपनी करते. परंतु स्वतःच्या तळावर वैमानिक ‘घरी’ आहे असे धरले जाते, मग त्याचे घर कितीही दूर असो. म्हणून अमेरिकेत अनेक वैमानिक तळाजवळ सामायिक बिऱ्हाड भाड्याने घेतात. 12 फेब्रुवारी 2009 रोजी नेवार्कहून निघालेले विमान बफेलोजवळ कोसळून 50 जण मृत्युमुखी पडले. त्याची सहवैमानिक आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानांनी नेवार्कला आली होती. उड्डाणापूर्वीची विश्रांती दोन्ही वैमानिकांनी विमानतळावरील कर्मचारी-कक्षातच घेतली होती.