काराकोरमची खिंड आणि दाण्याचा हिशोब

उंच खिंड ओलांडायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेवटचा चढ उभा राहतो. बर्फ, वारा, माथ्यावर फडफडणाऱ्या पताका. आज आपण ज्या वाटेबद्दल बोलणार आहोत, तिथे हे चित्र फारसं उपयोगी पडत नाही. ही वाट लेहहून यारकंदला जाणारी. साडेसातशे किलोमीटरहून लांब, आणि मध्ये पाच मोठ्या खिंडी : खारदुंग, सासेर, काराकोरम, सुगेत आणि सांजू. तांड्याला महिना-सव्वा महिना सहज लागे. यारकंदहून चरस, रेशीम, नमदे यायचे. इकडून कापड, रंग, मसाले जायचे. शिवाय हजला निघालेले यात्रेकरूही याच वाटेनं उतरत आणि पुढे कराची किंवा मुंबईची बोट गाठत.

आता गंमत पाहा. या पाचांमध्ये काराकोरम सर्वांत प्रसिद्ध, उंची सुमारे ५५४० मीटर. पण चढायला ती सोपी आहे. चढ सौम्य, उन्हाळ्यात बर्फ बेताचंच. तिच्यापेक्षा थोडी कमी उंच असलेली सासेर मात्र हिमनदीवरून जाते, आणि तिथे घसरून जनावरं मोडायची. तरीही या वाटेवर हाडांचा सडा पडलेला असे तो केवळ सासेरवर नव्हे. वाटाड्याची गरज नाही, सांगाडे बघत चला म्हणजे पोचाल, असं एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक प्रवाशांनी कुठल्या ना कुठल्या शब्दांत लिहून ठेवलं आहे. खिंड सोपी असेल, तर एवढी जनावरं मेली कशानं?

उत्तर आहे गवत. किंवा गवताचा अभाव म्हणा. नुब्रा खोऱ्यातलं पनामिक सोडलं की पलीकडे शाहिदुल्लापर्यंत पोटभर चरण्याजोगी जागा अगदी क्वचित. मुर्गो, बुर्त्सा, किझिल लंगर, देपसांगचं पठार, दौलत बेग ओल्दी : ही गावं नव्हेत, मुक्कामाच्या जागांची नावं आहेत. जळणसुद्धा मुश्किलीनं मिळायचं. म्हणजे जनावरानं व्यापाऱ्याचा माल वाहायचा आणि स्वतःचं खाणंही वाहायचं.

जरा हिशोब करून बघू. समजा, एक घोडा ऐंशी किलो ओझं नेतो आणि दिवसाला तीन किलो दाणा खातो. दहा दिवस ओसाड असतील तर तीस किलो दाण्यातच गेले; मालाला उरले पन्नास. आता सासेरवर वादळ आलं आणि चार दिवस अडकून पडलात, तर आणखी बारा किलो हवेत. ते आधी घेतले तर नफा जातो, न घेतले तर घोडा जातो. आणि घोडा गेला की माल बर्फात, माणूस पायी. सुरक्षित प्रवासाचा निर्णय हा असा बाजारातच, लेहमध्ये, थैल्या भरतानाच होऊन जातो. माथ्यावर ठरवण्यासारखं फार थोडं उरतं.

सरकारलाही हा हिशोब चुकवता आला नाही. १८७० साली डग्लस फोर्साइथचं पथक यारकंदला निघालं, चांगचेन्मोकडच्या पूर्वेच्या वाटेनं. वाटेत आगाऊ ठेवायचा दाणागोटा नीट ठेवलाच गेला नव्हता. उजाड पठारांवर जनावरं पटापट मेली. हुकूम सुटला होता, कागद झाले होते; दाणा नव्हता. १८७३ मध्ये दुसरी स्वारी निघाली तेव्हा पुरवठ्याची काळजी कितीतरी जास्त घेतली गेली. दुसऱ्या स्वारीबद्दल पुन्हा बोलूच.

जनावरांचं झालं. माणसांचं काय? इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तू-छिन नावाच्या एका हान अधिकाऱ्यानं पश्चिमेकडच्या वाटांबद्दल इशारा देताना ‘मोठा डोकेदुखी पर्वत’ आणि ‘छोटा डोकेदुखी पर्वत’ अशी नावं सांगितली आहेत. तिथे माणसाला ताप भरतो, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, आणि गाढवांचंही तसंच होतं. पुढे सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलात आपल्या ‘तारीख-इ-रशीदी’त ‘दमगिरी’ हा शब्द वापरतो. दम धरणारा आजार. आपण गड चढताना ‘दम लागला’ म्हणतो ना, तोच हा फारसी दम. झोप लागते न लागते तोच छातीवर दडपण येऊन माणूस दचकून उठतो, पुढे बरळायला लागतो, हातपाय सुजतात, हे सगळं त्यानं नोंदवलं आहे. परक्यांना हा त्रास होतो, तिथल्या रहिवाशांना होत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या माणसाचं हे निरीक्षण आम्हाला फार मोलाचं वाटतं.

हैदरचा मालक म्हणजे यारकंदचा सुलतान सईद खान. १५३२ मध्ये लडाखच्या स्वारीवर येताना तो या दमगिरीनं मरता मरता वाचला. खाली उतरल्यावर बरा झाला. पुढच्या वर्षी परतताना पुन्हा तीच उंची, आणि या वेळी तो वाचला नाही. दौलत बेग ओल्दी या नावातल्या ‘ओल्दी’चा अर्थच ‘मेला’, आणि परंपरा ते नाव या खानाशी जोडते. सैन्य, घोडे, हकीम सगळं दिमतीला असूनही!

१८७४ चा जून घ्या. दुसऱ्या यारकंद स्वारीतला भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनंड स्टोलिच्का काराकोरम ओलांडून परत येत होता. खिंड मागे पडली होती, लेह काही दिवसांवर होतं. १९ जूनला मुर्गोच्या मुक्कामी तो वारला. त्याचं स्मारक लेहमध्ये आहे. दाण्याची तजवीज चांगली झालेली स्वारी होती ती, हे लक्षात घ्या. दोन हिशोब वेगवेगळे आहेत.

दुसऱ्या हिशोबाचं शास्त्र यायला विसावं शतक उजाडलं. १९६२ च्या युद्धात मैदानातले जवान घाईघाईनं उंचीवर न्यावे लागले. त्या काळातल्या १९२५ रुग्णांवरचा इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. भारतीय सैन्याचा नियम आज साधारण असा : २७०० ते ३६०० मीटरवर सहा दिवस, ४५०० पर्यंत चार, त्याच्या वर पुन्हा चार. एकूण चौदा. आता तांड्याकडे वळून बघा. लेह ३५०० मीटरवर. तिथून खारदुंग चढून पलीकडे नुब्रात, सुमारे ३२०० मीटरवर उतरायचं, आणि पनामिकला थांबून जनावरं चारून ताजी करायची. विश्रांती घोड्यासाठी, पण तिचा फायदा माणसालाही मिळे. आम्हाला हा योगायोग पुरता योगायोग वाटत नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण हल्ली दिल्लीहून सकाळी विमानात बसतात आणि दीडेक तासात लेहला उतरतात. नऊ दिवसांची रजा. सहलीच्या आखणीत सर्वांत आधी काय कापलं जातं? लेहमध्ये नुसतं पडून राहायचे दोन-तीन दिवस. ‘वाया जातात’ म्हणून. घोड्याला जी सवलत मिळत होती ती आपण स्वतःला देत नाही.

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे एक प्रश्न सुटत नाही : हे ज्ञान नेमकं कुणाचं होतं? अ‍ॅरिस्टॉटल शास्त्रज्ञान आणि व्यवहारातलं शहाणपण वेगळं काढतो. दुसरं अनुभवावाचून येत नाही, आणि ते असलेल्या माणसाला ग्रंथ लिहायची गरज भासतेच असं नाही. इथे ते किरायाकशांकडे होतं. भाड्यानं घोडे देऊन तांडे चालवणारी ही माणसं. नदीचा उतार पहाटेच गाठायचा, कारण दुपारी वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं. श्योकच्या पात्रातली वाट हिवाळ्याची, सासेरची उन्हाळ्याची. खारदुंगवर ओझी याकांच्या पाठीवर द्यायची. साहेबांच्या पुस्तकांत हे सगळं येतं, बहुधा ‘आम्ही ठरवलं’ अशा क्रियापदासह. लेहचा गुलाम रसूल गलवान हा मोठा अपवाद. पोरवयात तांड्यांबरोबर चाकरीला लागला, पुढे लेहचा अक्सकल, म्हणजे शब्दशः ‘पांढरी दाढी’, तांड्यांचा प्रमुख झाला, आणि १९२३ मध्ये त्याचं आत्मचरित्र ‘सर्व्हंट ऑफ साहिब्स’ प्रसिद्ध झालं. गलवान नदीला त्याचंच नाव आहे. १९४९ च्या सुमारास सीमा बंद झाली, तांडे थांबले, आणि कुठल्या मुक्कामाला किती दाणा शिल्लक हवा हे विचारायला किरायाकशाकडे कुणी येईनासं झालं.