तीच गाडी, तेच देऊळ? 'अस्सल' या शब्दाबद्दल थोडंसं

संशोधन सुरू करताना 'अस्सल' हा शब्द फार लवकर भेटतो आणि कळतो मात्र उशिरा. अस्सल म्हणजे नेमकं काय? त्यासाठी आज जरा वेगळं उदाहरण घेऊ: शर्यतीचा इतिहास असलेल्या जुन्या मोटारी आणि त्यांचे संग्राहक.

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मोटार ट्रायल झाली. अंतर ६२० मैल, वाटेत घाट. त्यात 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टने नाव कमावलं आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. आता इथेच थांबा. ही 'शर्यत' होती का? आपण सर्रास तसं लिहितो. पण १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतके अपघात झाले, की ती बोर्दोलाच बंद करावी लागली. त्यानंतर उघड्या रस्त्यावरच्या वेगाला सरकारं बिचकू लागली आणि 'भरवशाच्या चाचण्यां'चं महत्त्व वाढलं. तिथे मुख्य प्रश्न कोण पहिला आला हा नसून गाडी वाटेत किती वेळा बंद पडली हा असे. साधनातला शब्द बदलला की घटनाच बदलते. पहिला धडा हा.

दुसरा धडा पैशाचा. संग्राहक नुसतं लोखंड घेत नाही, गाडीचा इतिहासही विकत घेतो. इतिहासाने किंमत वाढते म्हटल्यावर तो 'तयार' करण्याचा मोहही वाढतो. म्हणून चॅसी नंबर, इंजिन नंबर, कारखान्याची नोंद, जुने फोटो, मालकांची साखळी हे सगळं ताडून बघतात. आपण पोथीची वंशावळ लावतो, तसंच हे.

पण सगळी कागदपत्रं असूनही प्रश्न उरतो. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली. पुढे तिचं इंजिन बदललं, सांगाडा बदलला, वरची बॉडीही बदलली. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, तर ग्राहक म्हणाला, ही ती गाडीच नाही! प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. १९२९ च्या गाडीतलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. तरीही ही तीच गाडी, असा निकाल दिला. कारण बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि गाडीचं अस्तित्व मध्ये कुठेही तुटलं नाही.

हे पटत नसेल तर वेरूळला या. इथे दोन उत्तरं चालत जाण्याच्या अंतरावर उभी आहेत. कैलास लेणं एकाच कातळातून कोरलेलं. गिलावा बराचसा गेला, पण दगड तोच. इथे अस्सलपणा वस्तूत आहे. घृष्णेश्वराचं देऊळ मात्र मोडलं, पुन्हा बांधलं गेलं. भोसल्यांच्या काळात मालोजीराजांनी, नंतर अठराव्या शतकात होळकरांनी. भाविकाला विचारा, देऊळ तेच आहे का? तो म्हणेल, म्हणजे काय! इथे अस्सलपणा सातत्यात आहे.

आणि गंमत म्हणजे कैलासाचा कर्ता राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, हे सांगायला आपल्याला इ. स. ८१२ च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटाचा आधार घ्यावा लागतो. दगड तोच असला तरी तो कुणाचा हे कागद, इथे तांबं, सांगतं. तिसरा अस्सलपणा तो, पुराव्याचा.

भारतात २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी 'व्हीए' नोंदणी दिली. त्या नोंदीने गाडीचं वय कळेल. ती कुठल्या घाटात धावली, हे शोधायला दप्तरंच उघडावी लागतील.

तर सिनॉप्सिस लिहिताना 'अस्सल', 'मूळ' हे शब्द आले की स्वतःला विचारा: वस्तू, सातत्य की पुरावा? तिन्हींपैकी कोणता अर्थ, ते पहिल्याच प्रकरणात लिहून टाका. तिन्ही एकत्र मिळतात तेव्हा संशोधकाचं नशीब. पण बहुतेक वेळा एखादा हातातून निसटलेला असतो, आणि खरा विषय तिथेच सापडतो.