हवेलीतील शाळा आणि छापील मजकुराची पारख

लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव असून, 1858च्या अखेरीस पुणे ते दिक्सळ हा लोहमार्ग याच पट्ट्यातून सुरू झाल्याने पुण्यात छापलेले वृत्तपत्र इथवर येणे सोपे झाले. मात्र कागद गावात येणे वेगळे आणि तो वाचून त्याची शहानिशा करणारा माणूस गावात तयार होणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास सरकारी शाळेच्या, आणि त्या शाळेसाठी पैसा कोणी भरला याच्या, इतिहासात शोधावा लागतो.

1860च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आण्याची जादा पट्टी बसली. तिच्या रकमेला ‘लोकल फंड’ म्हणत आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखलेला असे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगापुढे, निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमके हेच विचारात घेतले: महसूल रयतेच्या घामातून येतो, मग उच्च शिक्षणावर खर्च होताना तिच्या मुलांच्या वाट्याला काय येते? किमान वयाच्या बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि त्यात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती हे विषय असावेत, अशी त्यांची मागणी होती. तिच्यात ‘नागरिकशास्त्र’ हा शब्द नाही. तरीही आपल्या पट्टीचा हिशेब सरकारला विचारणे हा नागरिकशास्त्राचा पहिला आणि सर्वांत कणखर धडा होता, असे म्हणावे लागते.

पुढे 1884च्या कायद्यान्वये लोकल बोर्डे आली, आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. नागरिकशास्त्र पुस्तकात स्थिरावले, पण ते बहुतांशी ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतची रचना सांगणारे राहिले. ज्या शाळेच्या खोलीत निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र थाटले जाते, त्याच खोलीत मतदाराला मिळणाऱ्या माहितीची तपासणी फारशी शिकवली गेली नाही. हे दुर्लक्ष महागात पडणारे होते.

ते काही अंशी भरून निघाले ते इतिहासाच्या बाजूने. 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, 2018 मध्ये दहावीसाठी जे इतिहासाचे पुस्तक आणले, त्यात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र पाठ आहे. तो ‘दर्पण’, ‘ज्ञानप्रकाश’ अशा पत्रांची ओळख करून देऊन थांबत नाही, तर माध्यमांतील माहिती चिकित्सेने घ्यावी असे सांगून जर्मन साप्ताहिक ‘स्टर्न’चे उदाहरण देतो: 1983 मध्ये या साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा म्हणून जे प्रसिद्ध केले, ते कागदाच्या तपासणीत बनावट ठरले. एवढ्या नामांकित पत्राचीही फसगत होते, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्याच क्रमिक पुस्तकातून कळणे ही मोलाची गोष्ट आहे.

मात्र ही ओळख दहावीत होण्याऐवजी फार आधी व्हायला हवी, आणि तिची जागा शाळेच्या परिपाठात, म्हणजे प्रार्थना, सुविचार, दिनविशेष व बातम्यांच्या सकाळच्या कार्यक्रमात, तयारच आहे. मथळा वाचण्याआधी मुलीने वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि बातमी कोठून आली हे मोठ्याने सांगितले, तर पारखीची सवय लागते.

सरावासाठी साहित्य दूर शोधावे लागत नाही. 1823 मध्ये ब्रिटिश डॉक्टर थॉमस कोट्स यांचे ‘लोणी’ या दख्खनी गावाविषयीचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते गाव म्हणजे नगर रस्त्यावरचे लोणीकंद होय, आणि समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याचाच पुन्हा केलेला अभ्यास 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गावे हवेलीतील, दोन्हींच्या नावात लोणी. त्यामुळे नाव पाहूनच मजकूर उचलणारा ते सारे वर्णन सहज लोणी काळभोरच्या खात्यावर मांडू शकतो. सातवीच्या वर्गात नकाशा उघडून दोन्ही गावांवर बोट ठेवायला लावले, की कोट्स कोणत्या लोणीविषयी लिहीत होते, याचा शोध मुलांना स्वतःच घेता येतो.