एअर हॉर्न : जोडणी सोपी, जबाबदारी मोठी

छत्रपती संभाजीनगर : वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे शहरालगतच्या रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस सुरू असते. त्यांच्या भोंग्यांपुढे आपल्या वाहनाचा हॉर्न ऐकूच जात नाही, ही मोटार आणि दुचाकीचालकांची नेहमीची तक्रार. त्यावरचा उपाय म्हणून अनेक जण एअर हॉर्न बसवून घेतात. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे काम तासाभरात होते. मात्र वायरिंगमधील हलगर्जीपणा वाहनाला आग लावू शकतो, चुकीच्या ठिकाणाहून घेतलेली हवा ब्रेक निकामी करू शकते आणि चुकीचा हॉर्न मालकाला दंडाच्या कचाट्यात अडकवू शकतो. त्यामुळे हॉर्न बसवण्यापूर्वी त्याचे तंत्र आणि कायदा, दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

आवाज निघतो कसा?

वाहनाला कारखान्यातून बसवून येणाऱ्या साध्या हॉर्नमध्ये विद्युतचुंबक धातूच्या पातळ पडद्याला कंप देतो. एअर हॉर्नमध्ये हेच काम दाबाखालील हवा करते. हवेच्या झोताने पडदा थरथरतो आणि त्याला जोडलेला कर्णा तो आवाज मोठा करतो. कर्णा लांब असेल तर स्वर खालचा, आखूड असेल तर वरचा लागतो. मालमोटारी आणि बसमध्ये एअर ब्रेकसाठी हवेची टाकी असतेच. तेथे हॉर्नला हवा त्या यंत्रणेतून मिळते. मोटारीत अशी टाकी नसल्याने विजेवर चालणारा छोटा काँप्रेसर बसवावा लागतो.

जोडणी कशी होते?

साधा हॉर्न साधारण ३ ते ५ अँपिअर वीज घेतो, तर एअर हॉर्नच्या काँप्रेसरला सुमारे १५ ते २० अँपिअर लागते. १२ व्होल्टच्या वाहनात याचा अर्थ १८० ते २४० वॅट, म्हणजे ६० वॅटचे तीन ते चार हेडलाइट बल्ब एकदम पेटवण्याइतका भार होतो. हॉर्नचे मूळ बटण आणि बारीक वायर एवढ्या भारासाठी बनवलेले नसतात. जुन्या हॉर्नच्या वायरवर थेट काँप्रेसर जोडल्यास बटणाचे संपर्कबिंदू जळतात, वायर तापून तिचे आवरण वितळते आणि शॉर्टसर्किटचा धोका निर्माण होतो.

यासाठी मधे रिले बसवतात. रिले म्हणजे थोड्या विजेवर चालणारा आणि जास्त वीज सोडणारा स्विच. त्यावर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. मूळ हॉर्नच्या दोन वायर ८५ आणि ८६ या टोकांना जोडल्या जातात. बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी जाड वायर ३० क्रमांकाला आणि ८७ क्रमांकाची वायर काँप्रेसरच्या धन टोकाला जाते. काँप्रेसरचे ऋण टोक बॉडीला, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर घट्ट अर्थ करावे लागते. अशा जोडणीत बटणातून अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज वाहते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. तो दूर असेल तर बॅटरी ते फ्यूज हा वायरचा भाग असुरक्षित राहतो. फ्यूजची क्षमता काँप्रेसरच्या पाकिटावरील सूचनेप्रमाणे ठरवावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

कर्ण्याचे तोंड पुढे आणि किंचित खाली झुकलेले असावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. हवेची नळी आखूड आणि न मुडपलेली असावी. इंजिनाच्या तापणाऱ्या भागांपासून ती दूर ठेवावी. दुचाकीची बॅटरी आणि चार्जिंग यंत्रणा लहान असल्याने तिच्यावर असा काँप्रेसर बसवणे सहसा परवडत नाही.

ब्रेकची हवा भोंग्याला नको

मालमोटारींच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. हॉर्नसाठी हवा घ्यायचीच, तर ती ब्रेकच्या सर्किटपासून संरक्षक व्हॉल्व्हने वेगळ्या केलेल्या पूरक सर्किटमधून घ्यावी लागते. प्रत्यक्षात काही वेळा ब्रेकच्याच नळीला टी-जोड देऊन काम उरकले जाते. हा जोड गळू लागला की टाकीतील दाब घटतो. घाटात उतरताना वारंवार ब्रेक दाबला जात असतो आणि हवेची गरज सर्वाधिक असते. नेमक्या त्याच वेळी ती कमी पडू शकते. दाब फारच उतरला तर स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून भरलेली गाडी रस्त्यातच अडकते.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार वाहनाला भारतीय मानक १८८४ ला अनुसरणारा हॉर्न असणे बंधनकारक आहे. नियमात ‘एअर हॉर्न’ असा शब्द नाही. मात्र एकामागून एक वेगवेगळे स्वर काढणारा, तसेच अवाजवी कर्कश, तीव्र, मोठा किंवा घाबरवणारा आवाज करणारा हॉर्न बसवण्यास मनाई आहे. गाण्याच्या चालीचे म्युझिकल हॉर्न आणि बाजारातील बहुतेक प्रेशर हॉर्न या मनाईच्या कक्षेत येतात. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या वाहनांना त्यांच्या खास आवाजासाठी सवलत आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार ध्वनिप्रदूषणाचे मानक मोडणारे वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. कलम १९४ फ नुसार विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा एक हजार, त्यानंतर दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे हॉर्न नियमात बसणारा असला, तरी तो वाजवण्यावरही बंधन आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचा किमान १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तेथे दिवसाची मर्यादा ५० आणि रात्रीची ४० डेसिबल आहे. २०१० च्या दुरुस्तीने शांतता क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आणीबाणीशिवाय हॉर्न वाजवण्यास बंदी घातली. घाटी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाला किंवा जालना रस्त्यावरील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात चालणाऱ्या सुनावणीला बाहेरच्या भोंग्याचा काय जाच होतो, हे सांगण्यासाठी डेसिबल मीटरची गरज नाही.

पर्याय कोणता?

डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करता येते. आवाज १०० डेसिबलवर गेल्यास ही मुदत अवघ्या १५ मिनिटांवर येते. मोठ्या हॉर्नचा पहिला फटका शेजारच्या दुचाकीस्वाराला आणि चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला बसतो.

मूळ हॉर्न मंद वाटत असेल, तर आधी त्याची अर्थिंग, गंजलेले जोड आणि बॅटरी तपासून घ्यावी. अनेकदा दोष तेथेच सापडतो. त्यानंतरही बदल हवाच असेल, तर मानक चिन्ह असलेला, वरचा आणि खालचा स्वर एकाच वेळी देणारा विजेवरचा हॉर्न रिले आणि फ्यूजसह बसवून घ्यावा. धोक्याची सूचना देण्यासाठी तो पुरेसा असतो. समोरच्याला घाबरवून वाट काढणे हे हॉर्नचे काम नव्हे.