प्रहसनाकडून दिग्दर्शनाकडे : मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी नटाच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : प्रसाद खांडेकर)

प्रस्तावना

मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांच्या इतिहासलेखनात नाटककार, गायक नट व दिग्दर्शक यांना मानाचे स्थान मिळाले आहे. त्या तुलनेत दूरचित्रवाणीवर दहा-बारा मिनिटांचे प्रहसन सादर करणाऱ्या विनोदी नटाची दखल अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. 'हसवणूक झाली, काम संपले' अशी त्याच्याविषयीची सर्वसाधारण धारणा दिसते. तथापि गेल्या काही वर्षांत याच नटांपैकी काही जण नाटक व चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून पुढे आले. हे स्थित्यंतर केवळ वैयक्तिक महत्त्वाकांक्षेतून घडले, की माध्यमाच्या बदलत्या रचनेने ते शक्य केले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लोकरंगभूमी, मुंबई दूरदर्शन आणि खाजगी उपग्रह वाहिन्या अशा तीन टप्प्यांचा आधार घेतला असून प्रसाद खांडेकर यांची वाटचाल नमुन्यादाखल तपासली आहे.

लोकपरंपरेची पार्श्वभूमी

गणपतीपुळे-मालगुंड परिसरासह रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या काळात नमन-खेळे सादर होतात. मृदंगाच्या साथीने गण, गवळण आणि पुढे वग असा त्यांचा क्रम असतो. त्यात काळा वेश, पांढरी दाढी आणि पायांत घुंगरू असलेला संकासुर अवतरतो. तो प्रेक्षकांची फिरकी घेतो, गावातील ताज्या घटनांवर बोलतो आणि सोंगांमधील मोकळी जागा भरून काढतो. त्याला लिखित संहिता नसते. अर्थात, तो बोलणारा नट असतो, तसाच स्वतःच्या प्रवेशाचा रचनाकारही असतो. अभिनय, लेखन व मांडणी ही तीन कामे एकाच व्यक्तीकडे असणे हे लोकविनोदाचे मूळ लक्षण होय.

याच लक्षणाचा व्यावसायिक आविष्कार दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्या रूपाने दिसतो. सेवादलाच्या कलापथकातून आलेल्या कोंडके यांनी वसंत सबनीस लिखित 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून कीर्ती मिळवली. १९७१ च्या 'सोंगाड्या'चे ते निर्माते व नायक होते. दिग्दर्शन मात्र गोविंद कुलकर्णी यांचे होते. १९७५ च्या 'पांडू हवालदार'चे दिग्दर्शन त्यांनी स्वतः केले. हजरजबाबी सोंगाड्या दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसू शकतो, हे मराठी चित्रपटसृष्टीला या घटनेने दाखवून दिले. त्यासाठी त्यांना आधी निर्माता व्हावे लागले, ही बाबही येथे नोंदविण्याजोगी आहे.

मुंबई दूरदर्शनचा कालखंड

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. विनायक चासकर यांच्या 'गजरा' या कार्यक्रमाने छोट्या प्रहसनांना घराघरांत नेले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंवर आधारित मालिकेत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या भूमिका लोकप्रिय ठरल्या. असे असूनही या पिढीतील दूरदर्शनच्या विनोदी नटांची वाट मुख्यत्वे अभिनयाच्याच दिशेने गेली. प्रभावळकर लेखक म्हणूनही मान्यता पावले, 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) मधील गांधीजींच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले आणि २०२५ च्या 'दशावतार' या चित्रपटात कोकणातील एका लोककलावंताच्या रूपाने पुन्हा प्रेक्षकांसमोर आले. मात्र त्यांची ओळख नट व लेखक हीच राहिली.

याचे कारण गुणवत्तेत नव्हे, तर कार्यपद्धतीत शोधावे लागते. शासकीय केंद्रात संहितेची निवड, चित्रीकरण व संकलन यांवर केंद्राच्या निर्मात्याचे नियंत्रण असे. नट हा करारापुरता बोलावलेला कलावंत होता. तांत्रिक निर्णयांपासून तो दूर राहिल्याने दिग्दर्शनाचे शिक्षण त्याला स्टुडिओत मिळण्याची शक्यता कमी होती.

उपग्रह वाहिन्या आणि नटाचे लेखक होणे

१९९९ मध्ये अल्फा मराठी व २००० मध्ये ई टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या आणि हे चित्र पालटू लागले. 'फू बाई फू', २०१४ ते २०२४ या काळातील 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ पासून सोनी मराठीवरील 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमांना दर आठवड्याला नवी प्रहसने लागत. ही गरज एकट्या लेखकाने भागणारी नव्हती. परिणामी नटच लेखनात उतरले. 'चला हवा येऊ द्या'मध्ये डॉ. नीलेश साबळे यांनी सूत्रसंचालन, लेखन व दिग्दर्शन एकत्र सांभाळले. 'हास्यजत्रे'ची धुरा सचिन गोस्वामी व सचिन मोटे यांच्याकडे असली, तरी समीर चौघुले व प्रसाद खांडेकर हे नट प्रहसने लिहूही लागले. संकासुराकडील तिहेरी जबाबदारी नव्या माध्यमात अशा रीतीने परत आली. फरक एवढाच, की आता तिच्या मागे वेळापत्रकाचा धाक होता.

प्रसाद खांडेकर : वाटचालीचे स्वरूप

'हास्यजत्रे'त, विशेषतः नम्रता संभेराव यांच्यासमवेत सादर केलेल्या प्रहसनांतून, खांडेकर महाराष्ट्रभर परिचित झाले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी 'कुर्रर्रर्र' या व्यावसायिक नाटकाचे लेखन-दिग्दर्शन त्यांनी केले. विशाखा सुभेदार, पंढरीनाथ कांबळे व नम्रता संभेराव हे त्यांचे सहकलाकार दूरचित्रवाणीवरील विनोदातूनच परिचित झालेले होते. दहा मिनिटांचे प्रहसन आणि दोन तासांचा चित्रपट यांच्यामध्ये दोन अंकी नाटक ही पायरी ठरली, असे म्हणता येते.

८ डिसेंबर २०२३ रोजी त्यांनी दिग्दर्शित केलेला 'एकदा येऊन तर बघा' प्रदर्शित झाला. गिरीश कुलकर्णी, सयाजी शिंदे, तेजस्विनी पंडित यांच्याबरोबर भाऊ कदम, ओंकार भोजने, वनिता खरात असा प्रहसनात मुरलेला नटसंच त्यात होता. एका कुटुंबाने थाटलेले हॉटेल आणि त्यात उडणारा गोंधळ हा त्याचा विषय. गणपतीपुळ्यासारख्या गावात, जिथे राहत्या घरांचे घरगुती निवास झाले आहेत, पाहुण्याची वाट पाहणाऱ्या यजमानाची ही धडपड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २०२५ मध्ये स्वप्नील जोशी व प्रार्थना बेहेरे यांच्या भूमिका असलेला 'चिकी चिकी बुबूम बुम' हा त्यांचा पुढील चित्रपट आला. त्याच वर्षी १ मे रोजी गोस्वामी-मोटे यांचा 'गुलकंद'ही प्रदर्शित झाला. म्हणजेच हे स्थित्यंतर एका व्यक्तीपुरते मर्यादित नसून एका कार्यशाळेचे फलित आहे.

तौलनिक विचार व मर्यादा

अन्यत्रही असे दाखले आढळतात. 'फ्लॉप शो' (१९८९) करणारे जसपाल भट्टी यांनी १९९९ मध्ये 'माहौल ठीक है' हा पंजाबी चित्रपट दिग्दर्शित केला. जपानचे विनोदी कलावंत ताकेशी कितानो यांच्या 'हाना-बी'ला १९९७ मध्ये व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. अमेरिकेतील जॉर्डन पील यांनी प्रहसनमालिकेनंतर 'गेट आउट' (२०१७) हा भयपट केला. कितानो व पील यांनी दिग्दर्शक म्हणून विनोदाची चौकट ओलांडली. मराठी प्रहसनकार-दिग्दर्शक मात्र अद्याप प्रामुख्याने विनोदातच आणि ओळखीच्या नटसंचातच वावरतो.

ही मर्यादा समजून घेताना प्रहसनाचे तंत्र लक्षात घेतले पाहिजे. प्रहसनात दर काही क्षणांनी हशा अपेक्षित असतो. पात्राला बदलण्यास अवधी नसतो. चित्रपटात पात्राचा विकास, शांतता व विराम यांना मोल आहे. त्यामुळे 'लांबवलेले प्रहसन' हा आक्षेप अशा चित्रपटांच्या वाट्याला येऊ शकतो. तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही मोजक्या अवकाशात अनेक नटांना न्याय देण्याचे जे कौशल्य या घडणीतून येते, त्याची नोंद आक्षेपाबरोबरच व्हावयास हवी.

समारोप

मराठी विनोदी नटाचे दिग्दर्शक होणे हे अपघाती नाही. लेखन, अभिनय व मांडणी एका हाती असलेली लोकपरंपरा, दूरदर्शनच्या काळातील त्यांची फारकत आणि उपग्रह वाहिन्यांच्या निकडीतून त्यांचे पुनर्मीलन, असा हा प्रवास आहे. नटाला संहितेवर अधिकार मिळाला तेव्हाच दिग्दर्शनाचा मार्ग मोकळा झाला, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होय.

प्रश्न साधनांचाही आहे. संकासुराचे बोलणे हवेत विरले, कारण ते लिहून ठेवण्यासारखे कोणाला वाटले नाही. वाहिन्यांवरील प्रहसने आज ध्वनिचित्ररूपात उपलब्ध दिसतात. परंतु त्यांच्या संहिता, तालमी आणि त्यांमागील निर्णय यांची नोंद विद्यापीठीय पातळीवर होणे बाकी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी नमन मंडळांतील ज्येष्ठ खेळ्यांच्या आणि या जिल्ह्यातून दूरचित्रवाणीवर गेलेल्या विनोदी नटांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतल्यास उद्याच्या संशोधकाला अस्सल साधन मिळेल. ज्येष्ठ खेळे हयात आहेत तोवरच हे काम शक्य आहे.