फाळक्यांचे फोटोचे दुकान

लग्नसराईत आपल्या आळंदीतील फोटोग्राफरांस उसंत नसते. माणसे कॅमेऱ्यापुढे हौसेने उभी राहतात. हा विश्वास मात्र फुकट मिळालेला नाही.

धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्याआधी ते फोटोचा धंदा बसवू पाहणारे एक होतकरू गृहस्थ होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्यास दुकान थाटले. प्लेगाने पत्नी व मूल नेले, गाव सुटले. मग बडोद्यास पुन्हा दुकान मांडले, तो आवई उठली की, कॅमेरा अंगातील शक्ती शोषून घेतो व माणूस मरतो! लिंबडीच्या राजपुत्रालाही हीच धास्ती. फाळक्यांनी त्याची समजूत घातली. त्याने दरबारात फोटोची तरफदारीही केली. तरी गिऱ्हाईक आले नाही. दरबारी शिफारशीने गल्लीतले भय गेले नाही.

पुढे १९०८ साली इंद्रायणीच्या उगमाजवळ, लोणावळ्यास, त्यांनी छपाईचा कारखाना काढला, तोही सुटला. १९१२ साली चित्रपटास भांडवल हवे होते. या वेळी त्यांनी शब्द खर्चिले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर रोज त्याचे चित्रण केले आणि रोप वाढताना पडद्यावर दाखविले. यशवंतराव नाडकर्णी प्रभृतींनी कर्ज दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

नवे दुकान काढणाऱ्या तरुणाने यातून एवढेच घ्यावे : मोठ्यांची शिफारस मागत फिरण्याआधी दारात शेजाऱ्याचा एक उत्तम फोटो टांगावा. लोक ऐकून नव्हे, पाहून विश्वास ठेवतात.