तान्हा पोळ्यातलं तान्हं कोण?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, वर्धा जिल्ह्यात गावोगाव तान्हा पोळा भरतो. लेकरं चाकांवरचे लाकडी नंदी दोरीनं ओढत आणतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे सणाची खुशाली, मागतात. सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा तर त्याच्या भल्यामोठ्या नंद्यांसाठी नावाजलेला.

तान्हं म्हणजे लहान मूल, म्हणून हा मुलांचा पोळा, असा अर्थ कुणीही लावील. पण शब्दाच्या मुळाशी वासरू आहे. संस्कृतातला तर्णक म्हणजे नुकतं जन्मलेलं वासरू. अमरकोशानं तो याच अर्थानं दिला आहे. प्राकृतात त्याचं तण्णय झालं, मराठीत तान्हं. गोठ्यातला शब्द असा पाळण्यात आला. दुधासाठी तहानलेलं ते तान्हं, ही फोड ऐकायला बरी वाटते. पण तहान आली तृष्णेतून, तिचं कूळ वेगळं. त्यामुळे तान्हा पोळा हे नाव लेकरांना जितकं शोभतं तितकंच त्यांच्या हातातल्या चिमुकल्या बैलालाही. मला या नावाचा लोभ आहे तो यासाठीच.

पोळा शब्दासाठी पोलासुराची कथा सांगतात. मला मात्र पोळ जवळचा वाटतो. पोळ म्हणजे देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो सापडतो.

आता हा नंदी घडवणारा. इकडे सुताराला वाढई म्हणतात. अमरकोशात सुताराची नावं पाहा: तक्षन्, वर्धकि, त्वष्टा, रथकार. यातल्या वर्धकीचा वाढई झाला. वाढवणं हा अर्थ मनात येतो, पण संस्कृतात वर्ध् असा कापणं या अर्थाचाही धातू आहे, आणि वर्धकि त्याच्याशी जुळतो. तक्षन् ज्यातून आला त्या तक्ष् धातूतून आपलं तासणं आलं. दोन्ही नावांत लाकूड कमी करणंच आहे, आणि काम पाहिलं की ते पटतं. गवळाऊ ही आर्वीकडची गोवंशाची जात: पांढरी, चपळ, लांब निमुळत्या तोंडाची, आखूड शिंगांची. तसं तोंड हवं तर वाढई वाकसानं दोन्ही गालांचं लाकूड उतरवतो, कपाळ जरा फुगीर ठेवतो, मग पटाशीनं डोळ्याची खाच पाडतो. वशिंडापुरतं लाकूड मात्र पहिल्यापासून राखून ठेवावं लागतं. पाठ एकदा तासली की ते परत मिळत नाही. शेवटी पाय फळीवर ठोकायचे आणि खाली चाकं बसवायची. इथं वाढई रथकारही होतो.

वर्धा या नावाचा मात्र या वर्धकीशी संबंध लावू नये. ते नदीचं नाव, आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाची वाटणी होते ती ज्या नदीच्या दोन तीरांवर, तिचं नाव वरदा आहे.